नीरा, भीमा आणि कऱ्हा यांचं बारसं

आमच्या वाचनालयातल्या तीन संगणकांचं बारसं झालं तेव्हा फक्त पाळणा नव्हता. घुगऱ्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या, आणि आत्या म्हणून प्रयागबाई होत्या. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. गावात वयानं सगळ्यांत मोठ्या प्रयागबाई, म्हणून यंत्रांची आत्या त्याच, असं आमचे अध्यक्ष सर्जेराव आबा म्हणाले आणि ते सगळ्यांना पटलं.

नावं ठेवणं भागच होतं. बारामतीच्या एका संस्थेची ग्रंथपालाची परीक्षा त्या रविवारी संगणकावर होणार होती आणि इंदापूर तालुक्यातलं एक केंद्र म्हणून आमचं वाचनालय त्यांनी तात्पुरतं धरलं होतं. अट अशी की प्रत्येक यंत्र नेटवर्कवर आम्ही कळवलेल्या नावानंच दिसलं पाहिजे. शुक्रवारी चार वाजता ते बारामतीतून तपासणार होते. नाव चुकलं तर केंद्र रद्द, परीक्षा बारामतीला. तीन परीक्षार्थींपैकी दोघांना बारामती चालली असती. मेघनाला चालणार नव्हती. आमच्याकडे पुस्तकांची देवघेव तीच पाहते, आणि ही परीक्षा पास झाली की तीच ग्रंथपाल होणार. पण तिची मुलगी जेमतेम पंधरवड्याची, पोटाचे टाके अजून ओले. डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू नका म्हणून सांगितलेलं. आणि परीक्षा वर्षातून एकदाच.

प्रयागबाईंनी आपल्या भागातल्या नद्यांची नावं काढली. नीरा, भीमा, कऱ्हा. मी संगणकाचं एक पुस्तक वाचून ठेवलं होतं, त्यात यंत्राला नाव देण्याची आज्ञा होती. मी अक्षरं सांगत गेलो, त्या एका बोटानं दाबत गेल्या. प्रत्येक नाव आधी पडद्याच्या कडेला तोंड नेऊन कुजबुजल्या, ‘कुर्रर्र’ केलं, आणि रीतीप्रमाणे बायांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. नाव पडद्यावर उमटलं. नेटवर्कवरही दिसलं, आणि तिन्ही नावं आम्ही संस्थेला कळवली. पुस्तकं वाचल्याचा कुणाला तरी उपयोग झाला, असं मला त्या दिवशी वाटलं. मला असं वाटतं तेव्हा बहुतेक काहीतरी चुकलेलं असतं.

दुसरा दिवस गुरुवार. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. संध्याकाळी ती आली आणि आम्ही यंत्रं सुरू केली. नीरा स्वतःला ‘लेखा-३’ म्हणत होती. ज्या कचेरीच्या लिलावात आम्ही तिला घेतलं, तिथलं ते नाव. भीमा म्हणत होती ‘लोकलहोस्ट’, म्हणजे कुणीही. एका प्राध्यापकांनी दिलेल्या तिसऱ्या यंत्रावर नावाच्या जागी ‘अ‍ॅम्नेझिअ‍ॅक’ आलं होतं. मी शब्दकोश काढला. अर्थ होता, स्मृती गेलेला माणूस.

“कऱ्हाच ती,” सर्जेराव म्हणाले. “पानी आलं तर हाय, न्हायतर न्हाय.”

मला हसू आलं नाही. नावं पुन्हा घालता आली असती, पण ऐन परीक्षेत लाइट गेली तर ती पुन्हा पुसली जाणार. मी गावातल्या भानुदासांच्या मुलीला, ज्योत्स्नाला, फोन केला. शाळेत असताना ती रोज आमच्याकडे येऊन वाचत बसायची. आता बारामतीच्या एका कॉलेजचे संगणक तिच्या ताब्यात असतात. शुक्रवारी दुपारच्या एसटीनं ती आली.

“तुम्ही पाणी घेणार का?” मी विचारलं.

“तात्या, मला अहोजाहो कधीपासून? आणि पाणी नंतर. मेघनाचं केंद्र जाईल ना?”

ती खुर्चीत बसली. मी जे केलं ते अडखळत सांगितलं. ती रागावली नाही.

“तुमची आज्ञा बरोबर होती,” ती म्हणाली. “पण ते नाव फक्त यंत्र जागं असेपर्यंत टिकतं. बंद झालं की पाटी कोरी. पुन्हा सुरू होताना आतला एक प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी उठतो. तोच बाकीच्यांना उठवतो, कामाला लावतो. यंत्राला नावही तोच सांगतो. पण तो ते पाठ करून येत नाही, लिहिलेलं वाचून सांगतो. तुम्ही लिहिलं नव्हतं.”

“कानात सांगितल्यालं पुरत न्हाई व्हय?” प्रयागबाई म्हणाल्या.

“माणसाला पुरतं, आजी.”

“मंग लिहून टाक की झटक्यात,” सर्जेराव म्हणाले. “तीन ठिकानी तीन नावं.”

“तेच तर. या तिघी तीन घरच्या आहेत. उठवणारा प्रत्येकीचा निराळा आणि तो नाव शोधतो ती जागाही निराळी.”

“एकाच जागी का ठिवत न्हाईत मग?”

“तुमच्या घरात मीठ कुठं असतं, आबा? आणि सासुरवाडीला?”

“त्याला काय इचारतीस?” प्रयागबाई म्हणाल्या. “जल्मात मिठाचा डबा उघाडलाय का त्यानं!”

ज्योत्स्ना हसत हसत काम करत होती. मी मागे उभा राहून पाहत होतो. नीरा जुनी. तिच्यात नेटवर्कच्या सगळ्या माहितीची एक फाइल होती आणि तिच्यातच नावाची ओळ. तिथे अजून जुन्या कचेरीचं नाव होतं, ते पुसून तिनं ‘नीरा’ लिहिलं. भीमा नवी. तिच्यात नावासाठी स्वतंत्र फाइल, आत एकच शब्द. तिसऱ्या यंत्रातही तिनं तशीच फाइल केली.

मग ती उठली आणि म्हणाली, “तिन्ही नीट बंद करते. मग मेन स्विच पाडा.”

“आगं, चालू हाय ते बंद करतीस?” सर्जेराव ओरडले. “साडेतीन वाजाय आलं!”

“लाइट जाऊन आल्यावर नाव राहिलं, तरच राहिलं.”

मला ते फार आवडलं. मी असतो तर पडद्यावर नाव दिसताच देवाचे आभार मानून घरी गेलो असतो.

मेन पडला, पुन्हा चढवला. पडद्यांवर ओळी धावू लागल्या. आधी भीमा स्वतःचं नाव घेऊन उठली, मग रमतगमत नीरा. तिसरं यंत्र उठलं ते पुन्हा स्मृती गेलेलं.

ज्योत्स्नानं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग स्वतःच्याच कपाळावर टपली मारली. “मी हिला भीमाची बहीण समजले. ही वेगळ्याच कुळातली. तात्या, इकडे या. हिचं पुस्तक हिच्या पोटातच असतं.”

तिनं दोन शब्द टाइप केले आणि पडद्यावर पानंच्या पानं उघडली. त्या यंत्राविषयी सगळं त्या यंत्रातच लिहून ठेवलेलं होतं. कुणी लिहिलं असेल, कुणासाठी? लिहिणाऱ्यानं आमचं गाव ऐकलंही नसेल.

“तुम्ही वाचा, मी लिहिते. दोघं मिळून लवकर होईल.”

माझं इंग्रजी वाचायचं, बोलायचं नाही. तरी मी वाचलं. या घरात सुरुवातीच्या सगळ्या सूचना एकाच लांबलचक फाइलमध्ये असतात, आणि नाव त्यातच, बरोबरचं चिन्ह घालून, अवतरणात लिहायचं असतं. एका ठिकाणी मी थांबलो, तर ती म्हणाली, “वाचा, वाचा, तुम्ही बरोबर आहात.” हे मला फार कमी वेळा कुणी सांगितलं आहे.

पुन्हा बंद, पुन्हा मेन. सर्जेराव घड्याळाकडे पाहत होते. प्रयागबाईंनी डोळे मिटले होते. ओळी थांबल्या आणि पडद्यावर आलं: कऱ्हा.

इतक्या वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांत बसून, एकाच प्रश्नाची तीन निराळी उत्तरं काढली, आणि तिन्ही बरोबर निघाली, याचं मला अजून नवल वाटतं. आणि न चिडता प्रत्येकीची रीत विचारून घेणाऱ्या त्या मुलीचं त्याहून जास्त.

चारला संस्थेचा फोन आला. पलीकडचा माणूस सावकाश बोलत होता. “नीरा, दिसतीय. भीमा, दिसतीय. एक मिनिट हां.” प्रयागबाई फोनजवळ सरकल्या. “कऱ्हा पण आहे. केंद्र कायम.”

ज्योत्स्नानं फोन मेघनाला लावला आणि माझ्या हातात दिला.

“तात्या, मग मी कुठल्या मशीनवर बसू?” मेघनानं विचारलं.

“कऱ्हावर बस,” मी म्हणालो. “तिला दोनदा पारखलंय.”

दोनदा का, ते तिला विचारायचं होतं, पण पलीकडे बाळ रडायला लागलं. “रविवारी येते,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.