पुस्तिकेतला पहिला शब्द

"संकेतलेखन," ध्रुव म्हणाला आणि त्याने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "कोशात हाच शब्द आहे. म्हणजे पुस्तिकेच्या पहिल्या धड्याचं नाव 'संकेतलेखनाची ओळख'. फायनल करू या?"

कानडी मुलखातल्या या शहरात, मराठी मंडळाच्या लहान खोलीत पाच माणसं बसली होती. तिघांनी माना हलवल्या. पद्मावतीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"स्वल्प थांब रे," ती म्हणाली. "हा शब्द आमच्या बायकांना कळायचा नाही."

"मग तुमच्या वेळी तुम्ही काय म्हणायचात, काकू? कोडिंगला?"

"आम्ही प्रोग्राम घालायचो."

"घालायचो?" मंडळाचे चिटणीस विश्वासराव हसले. "म्हणजे कोंबडी अंडं घालते तसं?"

सगळेच हसले. त्यात खवचटपणा नव्हता, तरीही पद्मावतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कन्नडमध्ये प्रोग्राम 'घालतात', तेच तिच्या मराठीत आलं होतं. तिचे पूर्वज या गावात आले त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली असतील. घरात जेवणाला 'ऊट' म्हणत आणि भाऊ म्हणजे 'अण्णा'. पुण्या-नागपुराहून आलेली ही नवी मंडळी तिचं मराठी ऐकताना लहान मुलाचे बोबडे बोल ऐकावेत तशी कौतुकाने बघत. ध्रुव तर भला माणूस. मारतहळ्ळीहून दर रविवारी दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून यायचा. कंपनीतले जुने लॅपटॉप त्यानेच मिळवून आणले होते. पण बायकांच्या संगणकवर्गासाठी छापायच्या पुस्तिकेची भाषा शुद्ध हवी, हा त्याचा हट्ट होता.

"सरी, ठीक आहे," पद्मावती म्हणाली. "आज वर्गात सांगून बघते."

वर्ग होता नगर्तपेठेतल्या बायकांसाठी. सोनं गाळायचा धंदा करणारी सांगलीकडची कितीतरी कुटुंबं त्या पेठेत दोन-दोन पिढ्या राहतात. पुरुषांना धंद्यापुरतं कन्नड-हिंदी येतं. बायकांचं सारं आयुष्य मराठीतच, तेही माडीवरच्या दोन खोल्यांत. त्यांना संगणक शिकवावा ही कल्पना ध्रुवची, आणि शिकवायला तयार झालेली एकटी पद्मावती. पहिल्या रविवारी अकरा जणी आल्या. दुसऱ्या रविवारी सात. विश्वासरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आकडा पाचाच्या खाली गेला तर खोली योगवर्गाला देऊ.

त्या दुपारी चौघी आल्या.

पद्मावतीने फळ्यावर 'संकेतलेखन' असं लिहिलं आणि मागे वळली. चार चेहरे तिच्याकडे बघत होते. थोड्या वेळाने सकवार नावाच्या बाईने विचारलं, "बाई, संकेत म्हंजी सपनात येत्यात तसलं का?"

बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. पद्मावतीही हसली. तिने शब्द पुसला. "बरं, ते जाऊ दे. आपण प्रोग्राम लिहायला शिकणार आहोत. लिहायचा म्हणजे..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सकवार उठली. पायात चपला सरकवायला लागली.

"का गं? काय झालं?"

"लिवायचं आसंल तर मी न्हाई बाई. चौथीत शाळा सुटली माझी. वाचाय येतंय, पर लिवाय गेलं की हात कापतुया. ह्या बाकीच्या आल्या न्हाईत त्या बी त्याच्यापायीच. गेल्या रविवारी तुमी म्हनला न्हवं, पुढल्या बारीला लिवायचं म्हनून."

पद्मावती खडू हातात धरून उभी राहिली. सातातल्या तिघी एका शब्दाने घरी बसल्या होत्या, आणि तो शब्द तिनेच उच्चारला होता.

"बस स्वल्प," ती म्हणाली. "लिहू नको. चहा तरी घेऊन जा."

सकवार बसली ती दाराजवळच, चपला न काढता. तिला धरून ठेवायचं म्हणून पद्मावतीने सहज विचारलं, "तुझे यजमान काय करतात? भट्टी आहे ना?"

"व्हय. येसाजी लाड म्हंत्यात. चोख सोनं आलं की तांबं मिसळून बावीस क्यारट करायचं. त्ये भट्टीवर बसत्यात. किती तांबं टाकायचं त्ये मी मांडून देती."

"काय करतेस?"

"मांडून देती. तोंडीच. सोनं किती ग्राम त्ये इचारायचं, अकरानं भागायचं, यील त्यो आकडा सांगायचा. एकशेदहा आसंल तर धा. सासूबाईंनी शिकीवलं. आमच्या मालकास्नी न्हाई जमत, कमीजास्त हुतं. मग मला हाळी मारत्यात, 'सकवार, मांडून दे गं.'"

पद्मावतीने तिचे शब्द मनात पुन्हा म्हटले. विचारायचं, भागायचं, सांगायचं. तीन पायऱ्या, एकीमागून एक. ही बाई रोज दिवसातून दहा वेळा प्रोग्राम करत होती आणि चपला घालून दारात बसली होती.

ती फळ्याकडे वळली. तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: मांडणे.

"पूजा मांडता ना तुम्ही?" तिने चौघींना विचारलं. "आधी काय?"

"पाट," एक म्हणाली.

"मग तांदूळ. मग कलश," दुसरी म्हणाली.

"आणि कलश आधी ठेवला तर?"

"तर समदं उचलून पुन्यांदा मांडाय लागतंय," सकवार म्हणाली. तिने चपला काढल्या होत्या. केव्हा काढल्या ते कुणी पाहिलं नाही.

"एवढंच आहे," पद्मावती म्हणाली. "आपण प्रोग्राम मांडणार. मशीनला अक्कल नसते. आपण ज्या क्रमाने मांडू, त्याच क्रमाने ते करतं."

घरी आली तेव्हा भाऊ त्रिविक्रम व्हरांड्यात पेपर वाचत होता. दोघंच राहत. त्याची बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली होती, पद्मावतीने लग्न केलं नव्हतं.

"पद्दी, ऊट झालं काय?"

"नाही अण्णा. भूकच नाही." ती शेजारच्या खुर्चीवर टेकली. मग एकदम म्हणाली, "अण्णा, कारखान्यात मी काय करत होते?"

त्याने पेपर खाली केला. "म्हणजे? टायपिंग."

तिला वाटलं होतं, तो हेच म्हणेल. वडील, अप्पाही येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत: आमची पद्दी मशीनवर टायपिंग करते. बाविसाव्या वर्षी ती एका सरकारी कारखान्यात पंच ऑपरेटर म्हणून लागली. साहेब कागदावर प्रोग्राम करून देत, ती मशीनला कळावा म्हणून तो भोकं पाडून कार्डांवर उतरवायची. दोन वर्षांत तिला साहेबांच्या चुका दिसायला लागल्या. आधी ती त्या हळूच दाखवायची, मग न विचारता दुरुस्त करायची. एक दिवस साहेबांनी कोरा कागदच तिच्यापुढे सरकवला. कारखान्याच्या कोठारात सोळा हजार सुटे भाग होते. कुठला भाग कुठल्या फळीवर, कुठल्या यंत्राला लागतो, काय संपत आलं, हे सांगणारा प्रोग्राम तिने आठ महिने खपून केला. तो सतरा वर्षं चालला. मशीनं बदलली, साहेब बदलले, पण प्रोग्राम तोच होता. त्याच्या पहिल्या ओळीत नाव होतं साहेबांचं. निवृत्तीच्या दिवशी तिला जो दाखला मिळाला, त्यात कामाच्या रकान्यात लिहिलं होतं: टंकलेखन व तत्सम कामे.

तिने कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करायची तर आपण काय केलं ते सांगावं लागतं, आणि त्याला घरात शब्दच नव्हता.

"टायपिंग नव्हतं ते, अण्णा," ती म्हणाली, आणि तिने त्याला कोठाराची सगळी गोष्ट सांगितली. सोळा हजार भाग, सतरा वर्षं, साहेबांचं नाव. बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा. त्रिविक्रमने मध्ये एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्याने पेपराची घडी घातली.

"अप्पांना सांगायचं होतंस गं," तो शेवटी म्हणाला.

"काय म्हणून सांगणार होते?"

पुढच्या रविवारी वर्गाला नऊ जणी आल्या. चौघींनी आपापल्या मजल्यावर सांगितलं होतं, की लिवायचं काय न्हाई, निस्तं मांडायचं हाय. सकवारने आपल्या तीन पायऱ्या मराठीत सांगितल्या आणि पद्मावतीने संगणकाला कळणारे पाच इंग्रजी शब्द तिला शिकवले. ते शब्द सकवारने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत उमटवले. पहिल्यांदा एकशेदहा घातले तर पडद्यावर एकशेदहाच आले.

"बिघडलं," मागून कुणीतरी म्हणालं.

सकवारने ओठ मुडपले. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन ती एकेक ओळ वाचत गेली. "बिघडलं न्हाई काय," ती म्हणाली. "भागायच्या आधीच सांगून बसलंय येडं. कलश आधी ठिवला मी." तिने दोन ओळींची जागा बदलली, पुन्हा एकशेदहा घातले. दहा आले. मग पंचावन्न घातले. पाच आले. मग ती मांडीवर हात ठेवून त्या पाचाकडे बघत राहिली. तिचे हात कापत नव्हते.

हे सगळं ध्रुव दारातून बघत होता. वर्ग सुटल्यावर समितीची बैठक होती. पद्मावतीने बसायच्या आधीच सांगितलं, "पुस्तिकेत 'मांडणे' हा शब्द घ्यायचा."

"काकू, आज जे झालं ते भारीच होतं," ध्रुव म्हणाला. "वर्गात जरूर वापरा. पण छापताना प्रॉब्लेम आहे. कोशात नाहीये. आणि मांडणी म्हणजे लोकांना लेआऊट वाटेल."

"मांडणी नाही, मांडणे. गणित मांडतो आपण. डाव मांडतो, संसार मांडतो. बाजू मांडतो."

"पण पद्मावतीबाई," विश्वासराव म्हणाले, "भाषेच्या बाबतीत... म्हणजे राग मानू नका. तुम्ही पडलात इकडच्या. मूळ महाराष्ट्रात..."

"शब्द माझा नाही. सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातल्या बाईचा आहे," पद्मावती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं मराठी मिसळलेलं आहे, ते मला माहीत आहे. पण काम कसलं ते मला तुमच्याहून जास्त माहीत आहे. मी चौतीस वर्षं प्रोग्राम केले आणि चौतीस वर्षं लोक त्याला टायपिंग म्हणाले. माझे वडील तेच म्हणत गेले. या बायकांना आपण लेखन म्हटलं, तर त्या घरी बसल्या. मांडा म्हटलं, तर आल्या. कोशातला शब्द चांगलाच असेल. त्याने आपल्या खोलीत कोण येतं, तेवढं सांगा."

कुणी हसलं नाही. 

ध्रुवने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "संकेतलेखनाची ओळख" ही ओळ खोडली. "कसं म्हणायचं, काकू? 'प्रोग्राम कसा मांडावा'?"

"असंच."

"आणि लेखिका म्हणून तुमचं नाव. घालायचं ना?"

"माझं घाल. पण पहिल्या उदाहरणाखाली तिचं घाल. सकवार येसाजी लाड. ते तिने केलंय."

पुस्तिका छापून आली तेव्हा पद्मावती स्वतः दहा प्रती घेऊन नगर्तपेठेत गेली. गल्ली इतकी अरुंद, की समोरून हातगाडी आली तर दुकानाच्या पायरीवर चढून उभं राहावं लागायचं. जिना चढून ती वर गेली तेव्हा भट्टी पेटलेली होती. येसाजी मुशीपुढे उकिडवा बसला होता. भिंतीशी फळीवर वर्गातला एक जुना लॅपटॉप होता आणि त्याच्यापुढे सकवार, केसांचा अंबाडा घट्ट बांधून.

"सासष्ट," येसाजी म्हणाला.

"थांबा." दोन बोटांनी तिने आकडा घातला. "सहा."

त्याने तांबं तोललं आणि मुशीत सोडलं. पुन्हा विचारलं नाही. काम चालू असताना हाक मारू नये, म्हणून पद्मावती दारातच थांबली. सोनं द्यायला आलेला एक म्हातारा कन्नड सोनार बाकावर बसला होता. त्याने तिच्याकडे बघून सकवारला त्या कोण म्हणून विचारलं, "यारु इवरु?"

सकवार वळली. तिचा चेहरा भट्टीने लाल झाला होता. तिने तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, मध्येच शब्द सापडेना, तेव्हा सरळ मराठीत म्हणाली, "आमच्या बाई हैत. मोठमोठ्या कारखान्याचं प्रोग्राम मांडलेत त्यांनी."

म्हाताऱ्याला किती कळलं कुणास ठाऊक. पण तो उठला, बाकावरची धूळ उपरण्याने झटकली आणि हाताने बसा म्हणाला. पद्मावती बसली. येसाजीने मूस चिमट्यात धरून वाकवली, आणि पिवळीजर्द धार साच्यात पडू लागली.