उत्तरेच्या रस्त्यावरची पलटण

आता आमच्या क्लबातली मुलं टेबलावरची लढाई चालू असताना फोनने फोटो काढतात आणि घरी जाऊन त्या फोटोंवरून अहवाल लिहितात. छान लिहितात. पण फोटोत कोण कुठे उभं होतं एवढंच दिसतं. तिथे का उभं होतं, हे त्याच वेळी कोणीतरी टिपून ठेवावं लागतं. ते काम मी वीसेक वर्षं केलं.

यॉर्कशरमधल्या आमच्या गिरणीच्या गावात मी नगरपालिकेच्या कचेरीत लघुलेखन करायची. माझा धाकटा भाऊ डेनिस खाटीक. दर शनिवारी दुपारी दुकान बंद केलं की तो चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये जायचा आणि बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळायचा. एकदा मला म्हणाला, "मेव्हिस, साहेबांची बडबड तू उतरवून घेतेस, तशी आमचीही घे की. आमची निदान ऐकण्यासारखी असते."

गेले, आणि तिथलीच झाले.

काम दिसायला सोपं. चौकटीच्या कागदावर टेबलाचा नकाशा काढायचा, टेकड्या, ओढा, गाव. प्रत्येक फेरीत कोण किती सरकलं ते रंगीत पेन्सिलींनी दाखवायचं, फासे काय पडले ते बाजूला लिहायचं, पडलेले सैनिक डब्याच्या झाकणात गेले की मोजायचे. फेरी संपली की मी विचारायची, "झालं?" दोघंही सेनापती "झालं" म्हणाले की ती फेरी कायमची बंद. मग कोणी कितीही केस उपटले तरी मागे जायचं नाही.

आणि एक नियम होता. लढाईच्या आधी दोन्ही बाजू आपले गुप्त बेत पाकिटात घालून माझ्याकडे देत. राखीव पलटणी कुठून, कितव्या फेरीपासून येणार, सगळं त्यात. त्या तोवर टेबलाबाहेरच राहत. वेळ आली की सेनापतीने स्वतः मागायच्या. म्हणजे दोघांची गुपितं मला ठाऊक, म्हणून टिपणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. चहा हवा का, एवढं विचारायची मुभा होती.

वॉल्टर हेप्वर्थ आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. जन्मभर गिरणीत मागांची दुरुस्ती केलेली. त्यांच्यासारखं रंगकाम उत्तरेत कोणाचं नव्हतं. ऑस्ट्रियन पायदळाचा पांढरा कोट रंगवणं महाकठीण. नुसता पांढरा फासला तर सैनिक पिठात बुडवल्यासारखा दिसतो. वॉल्टर आधी करडा हात देत, मग चुण्या सोडून वरून पांढरा. बोटभर माणसाच्या कोटाला वजन आल्यासारखं वाटे.

पण त्यांचे डोळे जात चालले होते. मधोमध काळा डाग, आणि कडेने तेवढं दिसायचं. त्या हिवाळ्यात त्यांनी शेवटची एक पलटण रंगवली. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, एकेक बटण. हंगेरियन पायदळ, पांढरे कोट, निळ्या तंग विजारी. मार्चमध्ये डेनिसशी मोठी लढाई ठरली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, यांना अहवालात जरा बरी जागा दे. मरू देत हवं तर सगळे, पण लढाईत होते असं छापून येऊ दे. आता माझ्या हातून परत काही रंगवून होणार नाही."

"ते तुमच्यावर आहे, वॉल्टर," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना लढवा, मी लिहिते."

हे अहवाल यायचे ते आमचं पत्रक चक्रमुद्रित, मेणकागदावरून हाताने छापलेलं, पण पार हल शहर आणि एडिंबरापर्यंत जायचं. जी माणसं वॉल्टरना कधी भेटली नव्हती, ती त्यांना त्या पत्रकातूनच ओळखत.

लढाईच्या दिवशी ती पलटण त्यांनी बुटाच्या खोक्यात घालून टेबलाखाली ठेवली. डेनिसला वास लागू नये म्हणून वर टेबलाचं कापड जमिनीपर्यंत ओढलं. पाकिटात लिहिलं होतं: उत्तरेच्या रस्त्याने, सहाव्या फेरीपासून, हुकूम होताच.

पाचव्या फेरीत डेनिसचं घोडदळ ओढा ओलांडून आलं. वॉल्टरची डावी बाजू ढासळायला लागली. ते टेबलावर नाक टेकवून अंतरं मोजत होते.

"अहो, वास घेताय की लढताय?" डेनिस म्हणाला.

"तुझ्या घोड्यांचाच वास घेतोय. कालचा माल दिसतोय, खाटका."

"ताजा आहे! फासे टाका, म्हातारबुवा."

सहावी फेरी आली. वॉल्टरनी तोफा फिरवल्या, फासे चांगले पडले, डेनिसचे चार घोडेस्वार झाकणात गेले. वॉल्टर खूश. डाव्या बाजूतच गुंतलेले. खोकं माझ्या पायाशी होतं. पायाला त्याची कड लागत होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," डेनिस म्हणाला.

"झालं," वॉल्टर म्हणाले.

सातवीतही तेच. आठवीत मला खोकला आला. मुद्दाम काढला नव्हता, आला. वॉल्टरनी मान वळवली. "सर्दी झाली का गं? चहा घे, गरम आहे."

नवव्या फेरीत डेनिसने गाव घेतलं आणि लढाई संपली. दोघांनी हात मिळवले. वॉल्टर हसतच होते. मग कोट घ्यायला वळले आणि त्यांचा बूट कापडाखालच्या खोक्याला लागला.

ते थांबले. कापड उचललं. खोकं काढून दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

डेनिस आधी खो-खो हसला. "माझ्यापासून लपवता लपवता स्वतःपासूनच..." मग वॉल्टरचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. आमच्या खेळात हे सगळ्यांचं कधी ना कधी होतं, राखीव फौज इतकी छान लपवायची की हाक मारायचीच राहून जायची. पण ही पलटण कोणती, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"सहावी फेरी परत खेळू," डेनिस म्हणाला. "मांडा परत. मला वेळ आहे."

"नाही."

"अहो, मी जिंकलोय, मीच म्हणतोय ना!"

"मेव्हिसने विचारलं, मी झालं म्हटलं," वॉल्टर म्हणाले. खोकं बगलेत घेतलं आणि टोपी घालून निघाले.

रविवारी डेनिस जेवायला आला होता. भाजलेल्या मटणाचे काप वाढून घेता घेता म्हणाला, "लिहून टाक ना. आले, लढले, माझी दोन पथकं कापली, मग मेले. मी काही तक्रार करणार नाही. हलमधल्या माणसाला काय कळतंय?"

"वॉल्टरना कळेल."

"त्यांना बरंच वाटेल!"

"तुला असं वाटतं?"

डेनिसने बटाट्यात काटा खुपसला आणि तो ताटभर फिरवला. "नाही," शेवटी म्हणाला. "मलाच मारतील ते."

आठवडाभर मी टिपणं उलटसुलट वाचली. टेबलावर घडलं तेवढंच लिहायचं, ही आमची शिस्त. टेबलावर पलटण नव्हती. पण पाकीट माझ्याकडे होतं, आणि पाकिटातल्या बेतावर त्या दिवशीची लढाई उभी होती. वॉल्टरनी डावी बाजू पातळ ठेवली होती ती काही उगाच नव्हती. उत्तरेकडून कोणीतरी येणार होतं. म्हणजे ती पलटण टेबलावर नव्हती, तरी लढाईत होती. रस्त्यावर होती. हुकूम तेवढा गेला नव्हता. असं खऱ्या लढायांत काय कमी झालंय?

शुक्रवारी कचेरीतून परस्पर वॉल्टरकडे गेले. सैनिक पुन्हा कपाटात लागले होते.

"फोटो हवाय," मी म्हटलं. "तुमची माणसं सहाव्या फेरीला कुठे होती?"

"खोक्यात."

"वॉल्टर, मी टेबलाबद्दल विचारत नाहीये."

ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या कानाकडे, कारण तसंच त्यांना दिसायचं. मग उठले. इस्त्रीचं टेबल उघडलं, त्यावर तपकिरी घोंगडी पसरली, मधून एक पट्टी सरळ करून रस्ता केला. सैनिक चाचपून ओळीत लावले, चारचारच्या रांगेत. घाई नव्हती. शेवटी अधिकाऱ्याला उचललं, पुढे तोंड करून ठेवलं, थोडा विचार केला आणि त्याला उलटा फिरवला, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघणारा.

"निरोप्या कुठून यायचा, तिकडे बघतोय," म्हणाले.

मी फोटो काढला. पुढच्या शुक्रवारी छपाईचा मेणकागद, म्हणजे स्टेन्सिल, कापून झाल्यावर तोच घेऊन गेले, कारण छापलेलं त्यांना वाचता आलं नसतं. स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवलं. सहाव्या फेरीनंतरचा तुकडा असा होता:

'या वेळी हंगेरियन पलटण उत्तरेच्या रस्त्यावर, टेकडीच्या आड, तयार उभी होती. त्यांना तोफा ऐकू येत होत्या. पलटणीचा ढोल वाजत होता. त्या दिवशीच्या दोन्ही सैन्यांत त्यांच्याइतकी नीटनेटकी पलटण दुसरी नव्हती. हुकूम आला नाही. सेनापती डाव्या बाजूला गुंतले होते. पलटण दिवस मावळेपर्यंत उभी राहिली.'

किटली शिट्टी मारायला लागली, वॉल्टरनी गॅस बंद केला आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, दुखावले. मेणकागद गुंडाळायला घेतला.

"ढोल काढ," ते म्हणाले.

"काय?"

"थांबलेल्या पलटणीत ढोल वाजत नाही, पोरी. आणि टेकडीच्या आड लपलेल्यात तर मुळीच नाही. डेनिसला ऐकू गेलं असतं." ते कप काढू लागले. "तेवढं वाक्य काढ. बाकी तसंच झालं होतं."

पर्समधून दुरुस्तीच्या शाईची बाटली काढून मी त्यांच्या टेबलावरच मेणकागदातलं ते वाक्य बुजवलं.