पांढऱ्या पाटीची गाडी

"पांढऱ्या पाटीचीच हाय न्हवं?" केरबानं पुन्हा विचारलं.

कोल्हापुरात गाड्या भाड्यानं देणारा मोहित मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ काढत होता. पुढचा बंपर, मागचा बंपर, चारी दारं. उद्या ओरखडा निघाला तर वाद नको. व्हिडिओ काढता काढता त्यानं केरबाला आपादमस्तक न्याहाळलं. घडीच्या खुणा तशाच असलेला कोरा शर्ट, कपाळाला गंध, केसांना नुकताच लावलेला काळा रंग, आणि शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून उभी असलेली आई.

"पोरगी बघायला निघालाय व्हय?"

केरबा कानापर्यंत लाल झाला.

"लाजताय कशाला, पावणं? लग्नसराईत माझी निम्मी गिऱ्हाइकं हीच असत्यात. काळ्या पाटीची न्हेली की दारात थांबायच्या आधीच भाड्याची हाय म्हणून कळतंय. म्हणून तर ही ठेवलीया. आता नीट ऐका. स्टेपनी मागं खाली हाय. पोरीचा भाऊ न्हायतर चुलता हमखास इचारतोय. म्होरं गणपती चिकटीवलाय, त्यो आईनं बसवला म्हणायचं. आन् सांजला दिवा लागायच्या आत गाडी हितं पायजे."

भाड्यानं चालवायला द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असावीत असा कायदा आहे. पांढरी पाटी घरच्या गाडीला. मोहितचा धंदा कायद्यात बसत नव्हता, पण लग्नाच्या बाजारात अगदी चपखल बसत होता.

केरबा शाहूवाडीकडच्या एका वाडीत राहणारा. गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट काढायचा. म्हणजे कुणाच्या म्हशीचं दूध किती कसाचं आणि कुणी त्यात विहीर ओतली, हे रोज सकाळ-संध्याकाळ चारचौघांत सांगायचं काम. चुलत्याच्याही दुधाला त्यानं कधी एक टिंब वाढवून दिलं नव्हतं. त्यामुळे गावात त्याला मान होता आणि शिव्याही होत्या. थोडं भातशेत, दोन म्हशी, पत्र्याचं का होईना स्वतःचं घर. व्यसन म्हणावं तर चहाचं. अशा माणसाचं लग्न खरं तर चुटकीसरशी व्हायला हवं होतं.

पण पोरींना डोंगरातलं गाव नको होतं. सुरुवातीला केरबाच्या अटी होत्या. पोरगी शिकलेली हवी, उंच हवी, गोरी हवी. दर वर्षी एकेक अट गळत गेली. मग पत्रिका बघणं बंद झालं. मग आईनं देवाला सांगितलं, कुठलीही चालंल, पण घरात चूल पेटवणारं दुसरं माणूस येऊ दे. केरबा चाळिशीच्या उंबऱ्यावर आला, त्याच्या मागनं दुधाचे कॅन उचलायला लागलेली पोरं बाप झाली, आणि गावातली माणसं त्याला लग्नाचं विचारायची बंद झाली. विचारत होती तेव्हा राग यायचा. विचारायची थांबली तेव्हा मात्र तो केसांना काळा रंग लावायला लागला.

आता हुपरीचं स्थळ आलं होतं. आण्णामामानं आणलेलं. मुलीचं नाव क्रांती. एकदा लग्न होऊन मोडलेलं. ते मोडलं नसतं तर हे दार आपल्यासाठी उघडलंच नसतं, एवढं केरबाला कळत होतं. हे शेवटचं, असं तो कुणाला म्हणाला नव्हता, पण मनाशी ठरवून बसला होता.

"आई, बस आता," तो म्हणाला.

झुंबरबाईनं गाडीत वाकून पाहिलं. खाली पांढऱ्या रंगाचं पायपुसणं अंथरलेलं. तिनं हळूच चपला काढून रस्त्याच्या कडेला जोडीनं ठेवल्या, देवळात शिरावं तसा उजवा पाय आत टाकला आणि दार ओढून घेतलं. केरबा गिअरच्या काळजीत होता. त्याला संस्थेचा टेंपो चालवायची सवय. त्यानं हे पाहिलंच नाही.

उचगावात आण्णामामा रस्त्यावर येऊन थांबला होता. झुंबरबाईचा धाकटा भाऊ; लग्नं जमवण्यात आणि थापा मारण्यात सारखाच पटाईत. गाडीत बसल्या बसल्या त्यानं काच खाली-वर करून बघितली.

"झकास! मी नृसिंहरावांस्नी सांगूनच ठेवलंय, भाच्याची सोताची गाडी हाय. पोरीचा बा खूश झालाय."

"मामा, नंतर कळंल की वो."

"नंतर म्हंजे लगीन झाल्याव. तवा सांगायचं, इकली. लोकं गाड्या इकत न्हाईत व्हय?"

केरबाला हे पटलं असं नाही, पण नको म्हणायचं बळही नव्हतं. आजवर खरं सांगून जे पदरात पडलं होतं ते त्याला पाठ होतं.

हुपरीत गल्लीच्या तोंडापासूनच घराघरांतून चांदीवर पडणाऱ्या हातोडीची टिकटिक ऐकू येत होती. नृसिंहराव दारात उभेच होते. त्यांनी आधी गाडी बघितली, मग केरबाला बघितलं. दोन्ही पसंत पडल्यासारखं हसले. आण्णामामा उतरला, केरबा उतरला, आणि शेवटी झुंबरबाई उतरली ती अनवाणी.

क्रांतीची आई चिमणाबाई तांब्या घेऊन आली होती. पाय धुवायला पाणी ओतता ओतता ती थबकली.

"अगं बाई, पायात काय न्हाय व्हय?"

केरबानं आईच्या पायाकडं बघितलं. गाडीवाल्याची आई आणि अनवाणी. पण आण्णामामा खमका.

"नवस हाय ताईचा! अंबाबाईला बोललीया. पोराचं लगीन हुईस्तवर पायताण घालायची न्हाय."

चिमणाबाईनं हात जोडले. नृसिंहराव "वा, वा" म्हणाले. झुंबरबाईनं भावाकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी वाळला असता. तिला आत स्वयंपाकघरात नेलं, पुरुषमंडळी बाहेर बसली.

क्रांतीच्या चुलत्यानं स्टेपनीचं विचारलं. केरबानं सांगितलं. मोहित गडी हुशार खरा.

पोहे झाले, चहा झाला. मग नृसिंहराव म्हणाले, "पोरगी म्हंत्या, मला त्यांच्यासंगं जरा बोलायचं हाय. बोलू द्या की. दिवस बदलल्यात."

मागच्या खोलीत एका बुटक्या टेबलावर अर्धवट जोडलेल्या पैंजणांचा ढीग होता. क्रांती घरीच साखळीच्या कड्या जोडायचं काम करायची. बोटांच्या टोकांना भाजल्याचे बारीक डाग होते. तिनं नटण्याचा फारसा त्रास घेतला नव्हता. केरबाला ती एवढी आवडली की त्याला भीतीच वाटली.

"मी फिरवून बोलत न्हाय," ती म्हणाली. "पयल्या येळंला आमाला सांगितलं, पोरगा पुण्याला कंपनीत हाय. कंपनी हुती, पर ह्यो तिथं नव्हता. लगीन झाल्याव रोज एक नवीन खोटं निघालं. मारलं न्हाय, उपाशी ठेवलं न्हाय. नुसतं खोटं बोलायचा. लोकं म्हंत्यात एवढ्यासाठी कुणी नवरा सोडतंय व्हय. मी सोडला."

"बरं केलंसा," केरबा म्हणाला. हे त्याच्या मनापासून आलं होतं.

"मग तुमी सांगा. नोकरी?"

"दूध संस्थेत. पगार लई न्हाय. कायम बी न्हाय."

"घर?"

"पत्र्याचं. पावसाळ्यात लई वाजतंय. डोंगरात हाय आमचं गाव, बाजाराला मलकापूरला यावं लागतंय."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ती चक्क हसली. मग खिडकीतून बाहेर बोट करून तिनं अगदी सहज विचारलं, "आन् ती गाडी?"

केरबानं खिडकीतून गाडीकडं बघितलं. खरं सांगावं असं त्याला वाटलं, देवाशपथ वाटलं. पण बाहेर आण्णामामा बसला होता, नृसिंहराव बसले होते, गाडीभोवती गल्ली जमली होती. आणि समोर ही पोर हसत होती. ते हसू एका शब्दानं विझलं तर? इतकी वर्षं पाठीमागं उभी राहिली आणि त्याला ढकलू लागली.

"माझीच हाय," तो म्हणाला. "गेल्या साली घेतली."

"बरं," क्रांती म्हणाली. टेबलावरचे पैंजण तिनं एका बाजूला सारले. मग उठली. "चला, भाईर वाट बघत असतील."

निरोप चांगला झाला. नृसिंहराव "कळवतो" म्हणाले, पण हसून म्हणाले. गाडी हुपरीच्या बाहेर पडली तसा आण्णामामा मागून केरबाच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला, "जमलं म्हणून समज!" केरबाच्या छातीत गुदगुल्या होत होत्या. कितीतरी वर्षांनी तो गाडी चालवताना शीळ घालत होता.

"गुणाची पोरगी हाय," झुंबरबाई म्हणाली. "आन् आण्णा, तुझ्या तोंडात किडं पडू देत. अंबाबाईच्या नावानं खोटा नवस? मला आत बसवंना. मी चुलीपाशी त्या पोरीला सांगून टाकलं."

केरबाची शीळ थांबली. "काय सांगितलंस?"

"खरं त्ये. नवस-बिवस काय न्हाय बाई, गाडी भाड्यानं आनलीया, पायपुसणं मळंल म्हणून मी चपला तिथंच काढल्या. तर हसली की पोरगी! डोळ्यांत पाणी येस्तवर हसली. म्हणली, गाडीचं मला काय न्हाय वो आत्ती, तुमी सांगितलंसा हे लई बरं केलंसा."

केरबानं गाडी उसाच्या कडेला घेतली आणि थांबवली. म्हणजे तिनं विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. ती गाडीचं विचारतच नव्हती. दार सताड उघडून ती बाजूला उभी होती, फक्त आत ये म्हणायचं बाकी होतं, आणि त्यानं आपल्या हातानं ते लावून घेतलं. त्याला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं.

"काय झालं रं?" आईनं विचारलं.

"मी तिला माझी हाय म्हणून सांगितलं."

मोहितचा फोन वाजायला लागला. केरबानं तो बंद केला आणि गाडी वळवली.

"अरं, गप घरला चल," आण्णामामा ओरडला. "मी फोनवर सांभाळून घेतो. माझी इज्जत घालवतोस काय? थांब, मला उतरू दे!"

त्याला तिथंच रस्त्यावर उतरवून केरबा परत हुपरीत आला. नृसिंहराव ओट्यावर पान खात होते. पुन्हा गाडी बघून गडबडीनं उठले. क्रांती आतून दारात आली. केरबा पायरीच्या खालीच उभा राहिला.

"गाडी भाड्याची हाय," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. समोरच्या घरातली हातोडी थांबली.

नृसिंहरावांचा चेहरा पडला. क्रांतीचा हलला नाही.

"आईंनी वाटंत सांगितलं व्हय तुमाला?"

"व्हय."

"त्यांनी सांगितलं नसतं तर आला असतासा माघारी?"

केरबानं तिच्याकडं बघितलं. एक "व्हय" म्हणायला काय लागतं? गल्ली ऐकत होती, आई गाडीत बसून काचेतून बघत होती. सगळं जन्माचं सुख त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

"न्हाय," तो म्हणाला. "नसतो आलो."

क्रांतीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

"तुमी माणूस वाईट न्हाईसा. पर मला मग दर गोष्टीला दोनदा इचारावं लागंल. पाणी आनायला गेलासा तरी. मला त्ये न्हाय जमायचं आता."

"खरं हाय," केरबा म्हणाला. त्यानं नृसिंहरावांना हात जोडले आणि तो गाडीत येऊन बसला.

कोल्हापुरात पोचेपर्यंत दिवे लागले होते. मोहित चिडून उभा होता, पण केरबाचं तोंड बघून त्यानं उशिराचं नाव काढलं नाही. मोबाइलवरचा व्हिडिओ लावून त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "काय सुदीक लागलं न्हाय," असं म्हणाला आणि झुंबरबाईच्या चपला दुकानातून आणून दिल्या.

मलकापूरच्या एसटीला गर्दी होती. झुंबरबाईला एका पटकेवाल्या म्हाताऱ्याशेजारी जागा मिळाली. केरबा दांड्याला धरून उभा राहिला. शर्टाची घडी कधीच मोडली होती. गाडी सुटली तसं म्हाताऱ्यानं त्या दोघांच्या कपड्यांकडं बघून चौकशी केली.

"कुनीकडं गेलतासा मायलेकरं?"

"दवाखान्यात गेलतो वो, बाबा," झुंबरबाई पटकन म्हणाली आणि पदर सारखा करून खिडकीबाहेर बघायला लागली.

"न्हाय," केरबा म्हणाला. पुढच्या बाकावरची दोन माणसं मागं वळली. "भाड्यानं गाडी केलती. सोताची म्हणून पोरगी बघाय गेलतो. न्हाय म्हणली."

म्हाताऱ्यानं त्याच्या रंगवलेल्या केसांकडं बघितलं.

"माझ्या बी घरात तुझ्यागत बिनलग्नाची दोन हाईत," तो म्हणाला, आणि अंग चोरून त्यानं केरबाला बसायला जागा करून दिली.