माह्यावाला का सागरवाला?

बाप्पा, माह्या डोक्याचा पार भुगा झाला होता. शिवम, माहा लहान भाऊ, उद्या अकोल्याले चालला होता, मराठी टायपिंगच्या नोकरीवर. त्याले दिसत नाही. कम्प्युटर अक्षरं वाचून दाखवते, तो ऐकते आन् लिहिते. बाजारातल्या एडिटरात, म्हंजे लिहाच्या सॉफ्टवेअरात, जोडाक्षरं आली का आवाज अडकते, म्हणून मी आन् माहा दोस्त सागर आमचा एडिटर बनवून राहिलो होतो. एक नाही, दोन! कारण आमचं पटलंच नाही.

माह्यावाला फक्त विंडोजसाठी, विंडोजच्याच पद्धतीनं लिहिलेला. शब्दन् शब्द बोलते. सागरनं एकच कोड लिहिला, कोणत्याही मशीनवर चालते. पण अक्षरं तो एडिटर सोताच चित्रासारखी रंगवते, म्हणून वाचणाऱ्या सॉफ्टवेअरले तठी काहीच सापडत नाही. स्क्रीनभर मजकूर, आन् आवाज बंद.

"ज्याले दिसत नाही त्याले मुका एडिटर देतं का बे?" मी सागरवर ओरडली.

"आन् अकोल्याच्या ऑफिसात विंडोज नाही, लिनक्स हाये. तुह्यावाला तठी उघडन तरी का?"

झालं! लिनक्ससाठी पयल्यापासून लिहू, तर नोकरी थांबन का? सागरवाला बोलका करू, तर कधी होईन, हे त्यालेच ठाऊक नाही. घडीत मले त्याचं पटे, घडीत माहं. चहा थंडा झाला, डोकं गरम.

शिवम कोपऱ्यात बॅग भरून राहिला होता. म्हणे, "सागरभाऊवाला द्या."

"काहून? त्यात ऐकू कुठी येते तुले?"

"कीबोर्ड बोटाले पाठ हाये, ताई. चुकन, पण लिहीन. तुह्यावाल्यात झकास ऐकू येते, पण तुह्याच घरी."

असा राग आला मले! कोणासाठी जीव काढला मी इतका? मंग समजलं, आन् रडूच आलं. मी त्याले घरात बसून लिहिता येईन असाच एडिटर बनवला होता.

सकाळी सागरवाला एडिटर देऊन त्याले अकोल्याच्या बसमध्ये बसवलं. घरी येऊन माह्यावाला उघडला, तर पयल्याच शब्दाले खणखणीत बोलला. ऐकाले कोणी नव्हतं.

बरोबर केलं का चूक, अजूनही समजून नाही राहिलं. सागरले फोन लावला.

"तुह्यावाला कोड धाड. त्याले बोलाले शिकवतो आपण."