आत्याने पुसलेली चाल

स्टुडिओच्या मालकांनी सांगितलं होतं, "दोन वेगवेगळ्या कीबोर्डवर एकेक चाल वाजवून पाठव. आवडली तर साबणाच्या जाहिरातीचं काम तुझं." म्हणून मी दुकानातून पंचवीस पट्ट्यांचे दोन छोटे कीबोर्ड मागून आणले, एक काळा, एक पांढरा. काळ्याच्या पट्ट्या कडक होत्या. पांढऱ्याच्या इतक्या हलक्या, की बोट टेकलं तरी सूर नोंदला जायचा. दोघांनाही स्वतःचा आवाज नाही. जे वाजतं ते कॉम्प्युटरमधून.

काळ्यावर वाजवून झालं. पांढऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तसंच विसरून आंघोळीला गेलो. आल्यावर, आपण वाजवलंच असणार या आत्मविश्वासाने दोन्ही फाइली पाठवून दिल्या.

तासाभराने मालकांचा फोन आला. "काळ्यावरचं ठीक आहे. पांढऱ्यावरचं ऐकून मी खुर्चीतून उठलो. उद्या इथे येऊन समोर वाजव."

मी फाइल उघडली. सूर खालून वर सरसर गेले, परत आले, मधेच एकाच सुरावर तीनदा अडले. इतकं चांगलं मला वाजवताच येत नाही. घरात दुसरी फक्त आत्या होती.

"आत्या, तू पांढऱ्या कीबोर्डला हात लावलास?"

"हात कशाला लावू? फडकं मारलं. मधल्या पट्टीवर तुझ्या चहाचा डाग होता, तो तीनदा घासला."

मी तिला उद्या माझ्याबरोबर यायची विनवणी केली.

आत्याने थोडा विचार केला. "येईन रे. पण त्यांच्याकडे धूळ आहे ना? स्वच्छ पट्ट्यांवर मला काही सुचायचं नाही."