एका हाताचा चाकू

चाकू काढून घेतला म्हणून दादांनी अन्नपाणी सोडलं होतं असं काही नाही. जेवायचे ते व्यवस्थित, दोन्ही वेळा, आवडलं तर मागूनही घ्यायचे. फक्त बोलायचे नाहीत. तीन आठवडे त्या घराचा संसार ‘हं’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर चालला होता. वहिनीही काही कमी नव्हती. सारी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेलेली बाई. समोरच्याने सिद्ध करून दाखवल्याशिवाय ती कशालाच हो म्हणायची नाही. आता खरं म्हणजे या दोघांना दादा-वहिनी म्हणणारी हक्काची एकच, ती म्हणजे दादांची धाकटी बहीण. पण तिच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्या गल्लीने तीच नावं उचलली होती.

दादा रोपवाटिकेत गुलाबाचे डोळे भरायचे. म्हणजे एका झाडाचा डोळा सालीसकट अलगद काढायचा आणि दुसऱ्याच्या खोडात बसवायचा. तीस वर्षं हेच केलं. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, डावा हात मात्र लोंबता राहिला तो राहिलाच. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावत घरी बसला असता. दादांनी सुताराकडून एक लाकडी चिमटा करून घेतला, रोप त्यात अडकवायचं, उजव्या हाताने काप द्यायचा, चाकू मिटून खिशात टाकायचा, मग त्याच मोकळ्या हाताने डोळा बसवायचा. टेप गुंडाळायला शेजारी एक बाई. असं दिवसाला दोनशे वेळा. सहा महिने ते पुन्हा कामावर जात होते आणि घरी येताना शीळ घालत होते.

मग एके दिवशी काप देता देता पातं आपोआप मिटलं, ते तर्जनीवर. चार टाके पडले. होता तो एकच हात, आणि त्यालाही बँडेज.

“हे बोट गेलं असतं म्हणजे?” वहिनी दवाखान्यातच कडाडली होती. “मी काय दुसरा हात उसना आणणार होते कुठून?”

चाकू कपाटात गेला. तिने दोन नवे चाकू आणले. एक उघडायलाच दोन हात लागायचे, दुसऱ्याचं लॉक इतकं कडक की उघडलेला मिटेना. शिवाय जुन्या पात्याला दादांनी तीस वर्षं एकाच बाजूने धार लावून ते आपल्या मनगटाला बसवून घेतलं होतं. नव्याने काप देणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचणं. बोट बरं झालं, टाके निघाले, आणि रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचा फोन आला. हंगामाचे पंधरा दिवस उरलेत, दादा येणार असतील तर बाक त्यांचाच, नाहीतर सोमवारपासून दुसरा माणूस बसवावा लागेल. आणि एकदा दुसरा बसला की बाक त्याचा होतो, हे दादांनाही ठाऊक होतं आणि वहिनीलाही.

“छोटीला दाखवू,” वहिनी शेवटी म्हणाली. “पण लॉक पक्कं झालं असं मला पटलं तरच चाकू मिळेल. तुम्हाला पटून उपयोग नाही.”

“हं,” दादा म्हणाले.

छोटी म्हणजे ती बहीण. पन्नाशी उलटली तरी छोटीच. शिलाई मशीन दुरुस्त करायची. वहिनीचं तिच्याबद्दलचं मत फारसं बरं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी तासभर उशिरा येणारी, आल्याबरोबर मोठ्याने बोलणारी, चहाच्या कपावर तेलाची बोटं उठवून जाणारी बाई. सव्वीस वर्षांच्या नात्यात वहिनीने तिला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी ती दोघं तिच्या दुकानात गेली ती पहिलीच वेळ.

खोली लांबट होती. भिंतीला लागून उघड्या पोटाची मशीनं, खिडकीखाली बाक, बाकाला वस्तू घट्ट धरून ठेवणारा व्हाइस. छोटीने चाकू घेतला, उघडला, कानाजवळ नेऊन पातं हलवलं.

“पात्याचा खिळा ठीक आहे,” ती म्हणाली. “वहिनी, इकडे बघ. मुठीच्या आत ही पोलादी पट्टी आहे ना? पातं उघडलं की ती सरकते आणि पात्याच्या बुडाला आडवी येते. ती आडवी आहे तोवर पातं मिटूच शकत नाही. मिटायचं असेल तर अंगठ्याने पट्टी बाजूला ढकलायची. एवढंच लॉक. आता ते का सुटतं ते बघू.”

तिने पात्याच्या बुडाला मार्करची काळी शाई फासली, चाकू दहा-बारा वेळा उघडमीट केला, मग स्क्रू काढून पातं सुटं केलं आणि डोळ्याला भिंग लावलं. जिथे पट्टी टेकली होती तिथली शाई पुसली गेली होती. तांदळाच्या कणीएवढी, एका कोपऱ्यात. बाकी सगळं काळं.

“बघ, नखावर उभा आहे गडी,” छोटी म्हणाली. मग भिंग तसंच ठेवून ती गप्प झाली. छोटी गप्प झाली म्हणजे काहीतरी गंभीर आहे, इतकं वहिनीला सव्वीस वर्षांत कळलं होतं. दादा खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“झिजलंय?” वहिनीने विचारलं.

“वहिनी, तू आणलेला तो नवा चाकू आहे पिशवीत? काढ. उघड. आता डावा हात पाठीमागे धर आणि मीट.”

वहिनीने अंगठा पट्टीवर लावला. पट्टी हलली नाही. जोर लावला, तशी मूठच हातातून सरकली. पातं मांडीवर टेकवून पाहिलं, बाकाच्या कडेला दाबून पाहिलं, एकदा तर हनुवटीचीही मदत घ्यायला निघाली. दहा मिनिटांनी चाकू मिटला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि अंगठ्याला लाल वळ.

“एक झाला,” छोटी म्हणाली. “दादाला दिवसात असे दोनशे करायचे असतात. हे बूड झिजलेलं नाही वहिनी, घासलंय. बारीक दगडाने. त्याचा उतार वाढवलाय, म्हणजे पट्टी अंगठ्याला पटकन सुटावी. सुटायला लागली. ढकलली तरी सुटते आणि न ढकलली तरी.”

वहिनी सावकाश नवऱ्याकडे वळली. “म्हणजे हे तुम्ही स्वतः—”

“चाकू चिमट्यात धरून, एका हाताने,” दादा म्हणाले. तीन आठवड्यांतलं त्यांचं हे पहिलं अख्खं वाक्य, आणि त्यात अपराधापेक्षा ऐटच जास्त होती. “कामावर परतायच्या आधीचे चार रविवार लागले. मधूनच सुटायचं, पण मी सांभाळून धरायचो.”

वहिनीचा संताप उफाळून आला, पण त्याच्या मागोमाग आणखीही काहीतरी आलं आणि तिची पंचाईत झाली. स्वयंपाकघरात ती रेडिओ ऐकत असताना हा माणूस मागच्या ओट्यावर बसून चार रविवार एका हाताने पोलाद घासत होता, आणि एका शब्दाने बोलला नव्हता.

“काम मात्र सरळ केलंयस,” छोटी भिंगातून बघत म्हणाली. “एक रेघ वाकडी नाही. कोन चुकला, हात नाही चुकला.”

मग ती कामाला बसली आणि वहिनी स्टूल ओढून तिच्या शेजारी. छोटीने आधी बुडाचा उतार कमी केला. एक अरुंद दगड, दोन बोटं, आणि प्रत्येक चार घाशांनंतर पुन्हा शाई, पुन्हा भिंग. घासल्याने पोलाद कमी झालं, म्हणून जुनी पट्टी पोचेना. तिने मोडक्या मशीनची एक स्प्रिंग शोधली, तिच्यातून नवी पट्टी कापली, केसभर लांब. धार लावायच्या चाकावर घासताना क्षणभर टेकवायची की लगेच पाण्यात बुडवायची. “तापलं की याची ताकद जाते,” ती म्हणाली, आणि एकदाही तिने ते पोलाद तापून निळं पडू दिलं नाही. जी बाई कुठेही वेळेवर पोहोचत नाही, तिला इथे अर्ध्या क्षणाचाही हिशेब होता. वहिनी बघत राहिली. शाळेत तिने हजारो मुलांना कोन शिकवले होते, कोनमापकाने मोजून घेतले होते; पण बोटाच्या पेराने कोन ओळखणारं माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिलं, आणि ते तिच्याच घरातलं होतं.

“हा किती अंशांचा?” तिला राहवेना.

“ते तू सांग, मला फक्त तो बरोबर आहे एवढं कळतं.”

पहिल्यांदा जोडला तेव्हा लॉक असं बसलं की दादांच्या अंगठ्याने हलेचना. दादांचा चेहरा पडला. “अरे, घाई काय आहे?” म्हणून छोटीने चाकू पुन्हा खोलला, बुडाला दगडाचे तीनच घासे दिले, मोजून तीन. मग पट्टीच्या कडेला कानशीने बारीक दाते पाडले आणि समोरच्या बाजूने मुठीचं लाकूड अर्धचंद्रासारखं कोरून काढलं, जेणेकरून अंगठा थेट पट्टीवर पोचावा. शाई लावून पाहिली. आता बूड कडेपर्यंत चकाकत होतं. तिने पात्याची पाठ बाकावर तीनदा आपटली. पट्टी जागची हलली नाही. दादांनी अंगठ्याने ढकलली, तशी ती सरकली आणि पातं मुकाट्याने मिटलं.

“पटलं?” छोटीने विचारलं.

“तू केलंस ते पटलं,” वहिनी म्हणाली आणि हे बोलताना तिला जरा लाजच वाटली, कारण ते ती सव्वीस वर्षं उशिरा म्हणत होती. “पण बाकावर आपटणं वेगळं. अहो, चाकू उघडा. मूठ मागून धरा.” दादांनी धरली. तिने आपली तर्जनी मुठीच्या खाचेवर आडवी ठेवली, पातं मिटलं तर नेमकं जिथे येईल तिथे. “आता पात्याची पाठ बाकावर टेकवा आणि दाबा.”

“बोट काढ.”

“दाबा म्हणते ना.”

“वहिनी, अगं काहीतरीच काय, माझं बोट ठेवते मी—” छोटी पुढे झाली.

“तू थांब गं.”

दादांनी पाठ बाकावर टेकवली. तीस वर्षं ज्या हाताने कोवळ्या सालीला इजा होऊ दिली नव्हती, तो हात जागचा हलेना. चाकूवर काही जोर येईना.

“नाही,” ते म्हणाले. “मला नाही जमणार हे. तू आधी बोट काढ.”

“सहा महिने रोज दोनशे वेळा हेच केलंत ना तुम्ही?” वहिनीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “लॉक सुटतंय हे माहीत असताना. आणि संध्याकाळी शीळ घालत घरी येत होता. आत्ता तुम्हाला जे होतंय ना, ते मला तीन आठवडे होतंय.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“ते नंतर. दाबा.”

त्यांनी दाबला. आधी हलकेच, मग ती मान हलवत राहिली तसा आणखी, मग खांद्याचा भार देऊन, बाक करकरेपर्यंत. वहिनीने डोळे मिटले नाहीत. पट्टी केसभरही सरकली नाही. मग तिने बोट काढून घेतलं, आणि दादांनी अंगठ्याने पातं मिटलं. चाकू त्यांनी खिशात टाकला नाही. बाकावर, तिच्यासमोर ठेवला.

वहिनीने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला, उघडला, त्या चकाकत्या बुडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं, आणि मिटून त्यांच्या हातात दिला.

“न्या,” ती म्हणाली. “आणि पुन्हा काही घासावंसं वाटलं तर आधी मला बोलवा. कोन मी मोजून देईन.”