छताची खात्री

नोकरीसाठी रोज शंभर मैल ये-जा, आणि वर्नाला हवी होती छत उघडणारीच जुनी गाडी. सकाळपासून बघितलेली ही चौथी. आधीच्या तिन्ही मालकांनी छत गळत नाही म्हणून शपथा घेतल्या होत्या, आणि तिन्ही गाड्यांत ओल्या कुत्र्यासारखा वास मारत होता. आता तिचं डोकं सटकलं होतं.

"छत एकदम ठणठणीत आहे, मॅडम! एक थेंब आत येणार नाही," गाडीचा मालक कर्टिस म्हणाला.

वर्नाने त्याच्याच अंगणातला पाण्याचा पाइप उचलला.

"मग बसा आत. मी वरून पाणी सोडते."

"आत्ता?"

"नाही, नाताळात! बसा म्हणते ना!"

"आलोच," म्हणत कर्टिस घरात गेला.

परत आला तो रेनकोट घालून.